दोन पासपोर्ट आणि दोन विजोड मोजे

१

कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात दोन पासपोर्ट ठेवले होते, आणि आता ते तिथे नव्हते. सुषमा राऊतने डबा उलटा केला, साड्यांच्या घड्या विस्कटल्या, गादीखाली हात घातला, फ्रीजसुद्धा उघडून पाहिला. मग मागच्या दारी जाऊन कुंपणापलीकडे हाक मारली, "हिरकणी, आधी ये. हातातलं टाकून ये."

हिरकणी चुरीच्या हातात चहाची कपबशी होती. ती काही तिने टाकली नाही, सांभाळत घेऊन आली. नरपडमध्ये कुणाचं काही हरवलं की पहिली हाक हिरकणीलाच जाते. निवृत्त होईपर्यंत ती डहाणूच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होती, आणि गाड्यांत राहिलेलं सामान उभा जन्म तिच्याच टेबलावर येऊन पडलं. छत्र्या, डबे, टोपलीतल्या कोंबड्या, एकदा तर फेट्यासकट नवरदेव. त्या टेबलावर ती एकच गोष्ट शिकली होती. काय गेलं हे माणूस रडूनच सांगतो, तेव्हा त्याला आधी विचारावं की काय राहिलं.

आजही तिने तेच विचारलं.

"सगळं राहिलंय," सुषमा म्हणाली. "पाटल्या आहेत, युरो आहेत, यांचं घड्याळ आहे. फक्त पासपोर्ट नाहीत. आणि परवा निघायचंय गं."

परवा कुठे निघायचं, हे नरपडमध्ये शेळ्यांनाही ठाऊक होतं. सुषमा आणि तिचे यजमान हरिश्चंद्र राऊत नॉर्वेच्या क्रूझला निघाले होते. बर्गनहून बोट सुटणार, डोंगरांच्या कुशीतून चिंचोळ्या खाड्यांत शिरणार आणि थेट उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचंच विसरतो, तिथवर जाणार. लग्न झालं तेव्हा नरपडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली हरिश्चंद्रांनी नव्या नवरीला शब्द दिला होता, "तुला बोटीतून नेईन, लांब." पण राऊतांची चिकूची वाडी, आणि चिकू वर्षभर धरतो, वर्षभर धरूनही ठेवतो. आंबेवाल्याला पावसाळ्यात मान वर करता येते, चिकूवाल्याला बारा महिने तोडणी. शब्द तसाच राहिला होता.

या वर्षी सून रियाने कुणाला न विचारता बुकिंग करून टाकलं, आणि राऊतांच्या घराचं बंदर झालं. जेवणघराच्या भिंतीवर नॉर्वेचा हा एवढा नकाशा. बोट जिथे जिथे थांबणार तिथे तिथे उतरून काय बघायचं यावर रोज रात्री जेवताना वाद. कागदाचे बारीक झेंडे करून टाचण्यांनी टोचलेले. गायरांगरला बसने डोंगराच्या वळणांवर जायचं की वल्ह्याच्या छोट्या होडीतून खाडीत? फ्लामला डोंगरातली रेल्वे की चीजचा कारखाना? लोफोटेनला कोळ्यांची गावं बघायची म्हटल्यावर हरिश्चंद्र हसले होते, "वाळत घातलेले मासे बघायला एवढं लांब? डहाणूच्या खाडीवर फुकट दिसतात." सुषमाने मात्र गुडघा दुखत असूनही होडीवर झेंडा टोचला होता.

"बॅग दाखव," हिरकणी म्हणाली.

बॅग उघडली. थर्मल, कानटोप्या, मेतकूट, सांदणाचा रवा, सगळं जागच्या जागी. लोकरी मोजे एका बाजूला गुंडाळून ठेवलेले होते. जाडे, राखाडी, दोघांसाठी दोन जोड. हिरकणीने ते सहज उलगडले आणि तिचा हात थांबला.

हरिश्चंद्रांच्या जोडीतला एकच मोजा होता. आणि सुषमाच्या जोडीतलाही एकच.

२

"चोर लंगडा होता म्हणायचा," हिरकणी म्हणाली. पण सुषमा हसली नाही, तेव्हा तिने तोंड आवरलं आणि कपाटाकडे वळली.

पासपोर्टचा डबा ठेवायच्या फळीवर बोटभर पिवळा डाग होता. हिरकणीने तो बोटाने पुसला, नाकाशी नेला. हळद.

"स्वयंपाकाचा हात लागला असेल माझा," सुषमा म्हणाली.

"तू कपाटात लाटणं घेऊन जातेस का? देवघर दाखव."

देवघरात सगळं आलबेल होतं. समई, गंध, फुलं. पूजेच्या डब्याचं झाकण मात्र तिरकं बसलं होतं. सुषमाने डब्यात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. लग्नकार्यासाठी बाजूला ठेवलेली सुपारी दिसत नव्हती, आणि हळकुंडांची जोडीही नव्हती. "उंदीर," ती म्हणाली. "मेले सुपारी नेतात."

"आणि पासपोर्ट दुपारी वाचायला नेले," हिरकणी म्हणाली.

तेवढ्यात हरिश्चंद्रांचा धाकटा भाऊ नविन मोटारसायकलची किल्ली फिरवत आत आला. धिप्पाड माणूस, मन लोण्याचं, घाई तोफेच्या गोळ्याची. "वहिनी, मी पोलीस स्टेशनला चाललो. हरवल्याची तक्रार देतो, मग पुढचं बघू."

त्याच्या मागोमाग हरिश्चंद्र आले. वाडीतून आलेले, पायाला माती. "तक्रार नको," ते म्हणाले. "घाई करू नका. सापडतील."

"कुठे सापडतील?" सुषमाने विचारलं.

"घरातच असतील कुठेतरी. सापडतील, सांगतो ना." एवढं बोलून ते आपल्या पायांच्या मातीकडे बघत राहिले आणि मग पाय धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

हिरकणीने नविनच्या हातातली किल्ली काढून घेतली. "तक्रार द्यायची नाही. पासपोर्ट एकदा हरवला म्हणून लिहिला की तो मेला. मागाहून सापडला तरी उपयोग नाही, आणि त्याच्यावरचा व्हिसाही गेला. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे."

"संध्याकाळीच तर सहलींचं बुकिंग बंद होतंय," दारातून रिया म्हणाली. "कुठल्या बंदरावर काय घ्यायचं ते आज नक्की नाही केलं तर मग बोटीवर उरलंसुरलं मिळतं."

"काही नक्की करू नकोस," सुषमा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. नविन आणि रिया बाहेर गेल्यावर सुषमा पलंगाच्या कडेला बसली, विजोड मोजे मांडीवर घेऊन.

"यांनीच लपवलेत, हिरकणी. यांना यायचंच नाहीये. रोज रात्री आम्ही नकाशापुढे भांडतोय आणि हे म्हणतात, तुला हवं ते घे. एकदासुद्धा स्वतःचा झेंडा टोचला नाही. वाडी सोडून यांचा जीव जाणार नाही कुठे, हे मला कळायला हवं होतं. तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं. चोरी कशाला करायची?" तिने डोळे पुसले. "संध्याकाळपर्यंत बघ तू. नाहीतर सगळंच रद्द करते. न येणाऱ्या माणसाला ओढून मी बोटीवर चढणार नाही."

३

हिरकणीने पहिल्यांदा रियाला गाठलं. ओंकार, म्हणजे सुषमाचा मुलगा, वापीला कारखान्यात जातो तो रात्रीच उगवतो. दिवसभर घरात रिया आणि तिचा लॅपटॉप.

"मावशी, मी कपाट उघडलंच नाही," रिया म्हणाली. न विचारता म्हणाली, आणि लॅपटॉप अर्धा मिटला.

न विचारता उत्तर देणारा प्रवासी विनातिकीट असतो, हा हिरकणीचा अनुभव. तिने स्टूल ओढलं आणि बसली. रियाने थोडा वेळ कळ काढली, मग लॅपटॉप उघडून तिच्याकडे वळवला.

"होडी काढली मी," ती म्हणाली. "गायरांगरची. आईंच्या गुडघ्याला ती होडी झेपणार नाही. पण त्यांना सांगायची हिंमत नाही, म्हणून गुपचूप बस टाकली. पासपोर्टला मी हात लावला नाही. देवाशप्पथ."

"आणि तुझ्या सासऱ्यांनी काही काढलं, घातलं?"

"बाबा? बाबा इकडे फिरकतसुद्धा नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र एक विचारलं त्यांनी. बोट नक्की कुठल्या दिशेला जाते. मी म्हटलं, सरळ उत्तरेला. तर नकाशा बघून म्हणाले, बरं, मग ठीक."

हिरकणीने ते ऐकून ठेवलं.

नविन ओटीवर सापडला. बॅगेचं नाव काढताच त्याचे कान लाल झाले. हिरकणीने बॅगेतल्या कानटोप्यांखाली हात घालून आधीच एक चपटं पुडकं काढून आणलं होतं. प्लास्टिकच्या चार थरांतूनही त्याची ओळख लपत नव्हती.

"सुकट," ती म्हणाली.

"आणि थोडे बोंबील," नविन म्हणाला. "दादाला तिकडे उकडलेले बटाटे घालतील गं. मी आपला रविवारी हळूच ठेवून दिलं. वहिनीला सांगू नकोस, माझी चामडी लोळवेल."

"विमानतळावर कुत्रा तुझ्या दादाच्या मागे लागेल, मूर्खा. पासपोर्ट?"

"पासपोर्ट मी का घेऊ? मी तर त्यांना विमानतळावर सोडायला चाललोय. त्यातही दादाची कटकट. म्हणतो, तलासरीवरून चल. आता सांग, नरपडहून मुंबईला कुणी तलासरीवरून जातं? डहाणूवरून चारोटीला हायवेला लागायचं आणि खाली सुटायचं. तलासरी म्हणजे आधी उत्तरेला उलटं जायचं आणि मग त्याच हायवेने परत खाली यायचं. विचारलं का, तर म्हणतो, शाळेतल्या दोस्ताला, हाल्याला भेटायचंय. गेल्या गुरुवारीच तर जाऊन आला हाल्याकडे, चिकूची कलमं द्यायला."

"गुरुवारी कलमं घेऊन गेला? किती?"

"तेच तर. कलमं इथेच विसरून गेला. अजून पडलीयेत बघ मागे."

हिरकणीने खिडकीतून पाहिलं. गोणपाटात बांधलेली कलमं सावलीला उभी होती. जी द्यायला माणूस तलासरीला गेला, ती कलमं घरी राहिली होती. मग तलासरीला काय गेलं?

४

हरिश्चंद्र वाडीत होते. चिकूचा ढीग पुढ्यात घेऊन ते लहान-मोठा निवडत बसले होते. खरं म्हणजे हे काम बायका करतात आणि त्यांच्यापेक्षा चांगलं करतात. पण माणसाला तोंड लपवायचं असलं की तो हाताला काम शोधतो.

"हरीभाऊ," हिरकणी समोर बसली, "सुषमा सगळं रद्द करायला निघालीये."

हातातला चिकू चुकीच्या ढिगात पडला. "रद्द? का? मी म्हटलं ना सापडतील."

"तिला वाटतंय, तुम्ही लपवलेत. तुम्हाला जायचं नाही म्हणून."

हरिश्चंद्रांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डहाणूपासून बोर्डीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसाच्या तोंडाला कुलूप नाही. मुहूर्त, राहुकाळ, मांजर आडवं जाणं, असल्या गोष्टींवर तर ते असे तुटून पडायचे की भटजी त्यांच्या दारावरून जाताना चाल वाढवायचे. निघायच्या दिवशी अमावास्या आहे हे सुषमाने भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं, तेव्हाही हरिश्चंद्र अख्ख्या पंगतीत हसले होते. "अगं, तिथे सूर्य मावळत नाही, तर तुझ्या चंद्राला विचारतो कोण?" सगळे हसले होते. सुषमाही हसली होती, ओठांनी. नंतर हिरकणीजवळ म्हणाली होती, झोप लागत नाही गं, मन खातं.

"मला जायचं नाही?" हरिश्चंद्र हळूच म्हणाले. "असं वाटतं तिला?"

"मग काय वाटावं?"

त्यांनी एक चिकू उचलला, पुसला, खाली ठेवला. "परवा गाडीत बसलो की सांगणार होतो," ते म्हणाले आणि जीभ चावली.

हिरकणी उठली. तिला आता बहुतेक सगळं कळलं होतं. एकच गोष्ट अडत होती. मोजे समजत होते, सुपारी समजत होती, हळदीचा डागही. पण पासपोर्ट? ते तिथे कशाला गेले? आणि मग चालता चालता, चिकूच्या झाडाखाली मान वाकवताना, तेही कळलं, आणि ती एकटीच एवढ्या मोठ्याने हसली की तोडणीवरच्या बायकांनी वळून पाहिलं.

"नविन, गाडी काढ," ती ओटीवर येऊन म्हणाली. हरिश्चंद्रही वाडीतून तिच्या मागोमाग आले होते. "सुषमा, चप्पल घाल. हरीभाऊ, तुम्ही पुढे बसा. रिया, फोन जवळ ठेव आणि काहीही रद्द करू नकोस."

"कुठे जायचं?" नविनने विचारलं.

"तलासरीला. हाल्याच्या घरी."

हरिश्चंद्रांची मान खटकन वळली. मागच्या सीटवरून हिरकणीने ती नीट पाहून घेतली.

५

हाल्या आणि हरिश्चंद्र लहानपणी एका शाळेत होते, एका संघातून कबड्डी खेळले होते, आणि एकमेकांना अरे-तुरे करणारी जी थोडी माणसं उरली होती त्यांतली ही दोन. हाल्याचं घर तलासरीच्या अलीकडे, शेताच्या कडेला. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या होत्या, पण अंगण अजून शेणाने सारवलेलं. गाडी थांबली तसा हाल्या पुढे आला. सुषमाला बघून दचकला आणि हरिश्चंद्रांकडे बघून म्हणाला, "एवढ्यात आलास? परवा येणार होतास ना?"

"बघ, घरमालकालाच ठाऊक आहे," हिरकणी म्हणाली आणि अंगणातल्या बाजेवर बसली. हाल्याची बायको लाडकी पाणी घेऊन आली. नविन कधी याच्याकडे बघत होता, कधी त्याच्याकडे. सुषमा उभीच होती.

"आता ऐक," हिरकणी तिला म्हणाली. "चोराने काय नेलं? दोन पासपोर्ट, एक सुपारी, हळकुंडं, तुझा एक मोजा आणि यांचा एक. काय ठेवलं? सोनं, युरो, घड्याळ. म्हणजे चोराला पैसा नको होता. आता मोजे. तुला जाऊच द्यायचं नसतं तर त्याने जोड्या नेल्या असत्या, नाहीतर दोन्ही जोड्या ठेवल्या असत्या. एकेक नेलेला मोजा कशासाठी असतो? दुसरा पाय मागून तिथे येणार म्हणून. ज्याने हे नेलं, त्याला तुम्ही दोघं निघायलाच हवी होतीत."

"मग पासपोर्ट का नेले?" सुषमाने विचारलं.

"थांब. परवा अमावास्या. गेला गुरुवार चांगला. हळद-सुपारी, प्रवाशाच्या अंगावरचं वस्त्र, आणि तलासरी, म्हणजे नरपडची शीव ओलांडून उत्तरेला. बोटही उत्तरेलाच जाणार, हे यांनी रियाला विचारून घेतलं होतं. आता सांग, तुझ्या आईने तुझ्या बाबांचं उपरणं एकदा बोर्डीच्या मावशीकडे का नेऊन ठेवलं होतं?"

सुषमाचे डोळे मोठे झाले. "प्रस्थान," ती म्हणाली.

नविनला काही कळलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. हिरकणीने त्याच्यासाठी सांगितलं. निघायचा दिवस वाईट असला की जुनी माणसं आधीचा चांगला दिवस बघून प्रवाशाची एखादी वस्तू हळद-सुपारीसह फडक्यात बांधत, जायच्या दिशेला, गावाच्या शिवेपलीकडे कुणाच्या तरी घरी ठेवत. मग निघणं तेव्हाच झालं असं धरायचं. माणूस मागून वाईट दिवशी निघाला तरी चालतं. फक्त ते गाठोडं परत घरी आणायचं नाही, जाताना वाटेत उचलायचं.

"स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं," ती म्हणाली. "यांनी चांगल्या दिवसाच्या गाडीत तुमच्या दोघांचा रुमाल टाकला. मोजा, आपला."

सगळ्यांची नजर फिरत फिरत हरिश्चंद्रांवर जाऊन बसली. नरपडचा तो मुहूर्तांचा वैरी हाल्याच्या ओट्याला टेकून उभा होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या चिकूच्या गरासारख्या तांबूस झाल्या होत्या.

"पण दादा," नविन म्हणाला, "मोजा ठेवला तेवढा पुरे होता की. पासपोर्ट कशाला?"

"ते मी सांगते," हिरकणी म्हणाली. "जन्मभर ज्याला हसले, ते यांनी कधी नीट बघितलंय? हसणाऱ्याला विधी अर्धवटच ठाऊक असतो. प्रवासाची वस्तू ठेवायची एवढं आठवलं, आणि पासपोर्टहून मोठी प्रवासाची वस्तू कुठली?"

"मी बोललो याला," हाल्या म्हणाला. "म्हटलं, मोजा राहू दे, तुझी चोपडी परत ने, उद्या कोणी मागेल. ऐकतोय कुठला. म्हणे, अर्धं काम करायचं नाही."

लाडकी घरात गेली आणि भाताच्या कणगीतून एक पिवळं फडकं घेऊन आली. गाठ मारलेली होती, हळदीने माखलेली. तिने ते बाजेवर ठेवलं. फडक्याच्या एका कोपऱ्यातून राखाडी लोकर डोकावत होती आणि खालून दोन निळ्या पुठ्ठ्यांच्या कडा.

६

सुषमा फडक्याजवळ गेली नाही. ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, अमावास्येला तर तुम्ही हसलात. सगळ्यांसमोर."

"हसलो."

"मग हे?"

हरिश्चंद्रांनी इकडेतिकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. एका बाजूला हाल्या, दुसऱ्या बाजूला हिरकणी, आणि समोर ती.

"माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर," ते म्हणाले. "आजही नाही. पण तू रात्र रात्र जागी असायचीस, आणि मग मलाही झोप येईना. पडल्या पडल्या मनात यायचं, आणि समजा असलं काहीतरी? मला ही सहल इतकी हवी आहे, सुषमा, की कुठली फटच ठेवायची नव्हती. असलेली नसलेली सगळी बुजवली. आता तुला काय हसायचंय ते हस."

सुषमा हसली नाही. तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणी तिला गप्प केलं नाही. "मला वाटलं, तुम्हाला यायचं नाही," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "नकाशात एक झेंडा नाही टोचलात कधी."

"झेंडे टोचायला जागा ठेवली होती का कुणी?"

तेवढ्यात हिरकणीचा फोन वाजला. रिया होती. बुकिंग बंद व्हायला आलं होतं, आणि तिला आज काहीतरी एक ऐकायचं होतं, घेऊ की सोडू. हिरकणीने स्पीकर लावला आणि फोन हरिश्चंद्रांच्या हातात दिला. "हं," ती म्हणाली. "सांगा आता."

हरिश्चंद्रांनी घसा खाकरला. मग त्यांनी कशाकडेही न बघता बोलायला सुरुवात केली.

"बर्गनला डोंगरावर चढणारी गाडी, सकाळची घे, दुपारी रांग लागते. फ्लामला रेल्वेच. धबधब्यापाशी गाडी थांबते, तिथे उतरायचं, पाणी अंगावर येतं म्हणून तुझ्या सासूचा प्लास्टिकचा कोट वरच्या पिशवीत ठेव. गायरांगरला काय टाकलंयस?"

"बस, बाबा," रिया चाचरत म्हणाली. "आईंच्या गुडघ्यासाठी."

सुषमाने मान झटकन वर केली, पण हरिश्चंद्रांनी हात करून तिला थांबवलं.

"बस काढ. दोन माणसांची होडी मिळते, पुढच्याने वल्हं नाही मारलं तरी चालतं. ती पुढे बसेल, मी मागून मारतो. लोफोटेनला कोळ्यांचं गाव, मासे वाळवायचे मांडव बघायचेत मला. ट्रॉम्सोला दोरावरची रोपवे गाडी. उत्तरेच्या टोकाला रात्रीची बस, आणि तिथे एक कॉफीचं दुकान आहे, त्याची वेळ बघून ठेव."

नविनने हिरकणीकडे पाहिलं. हिरकणीने खांदे उडवले. नकाशात एक झेंडा न टोचणाऱ्या माणसाला अख्खा नॉर्वे तोंडपाठ होता. कुठल्या दुपारी, कुठल्या चिकूच्या झाडाखाली फोन धरून त्यांनी हे सगळं वाचलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

"आणि शेवटचं क्रिस्तियान्सुन," रिया म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू होतं. "तिथे भरपूर सहली आहेत. कुठली घेऊ?"

"तिथे काही घेऊ नकोस."

"काहीच नाही?"

"नाही. शेवटच्या दिवशी सगळी बोट उतरून गावात जाते. वर डेकवर खुर्च्या रिकाम्या असतात. मला तुझ्या सासूशी बोलायचंय."

"इथे बोला की," सुषमा म्हणाली.

"इथे राहून जातं," हरिश्चंद्र म्हणाले. "कुणीतरी हाक मारतं, तोडणीवर जावं लागतं. बरंच राहिलंय."

सुषमाने त्यांच्या हातातून फोन घेतला. "रिया, बाबा सांगतात तसंच कर," ती म्हणाली आणि फोन बंद केला. बाजेवरचं पिवळं फडकं तिने उचललं, गाठ चाचपून पाहिली आणि न सोडता तसंच लाडकीच्या हातात दिलं. "परवा येतो घ्यायला," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली.

"काय नाव म्हणालात त्या गावाचं?"

"क्रिस्तियान्सुन."

तिला पहिल्यांदा म्हणता आलं नाही. दुसऱ्यांदाही जीभ अडखळली. हरिश्चंद्रांनी तिला एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत मागून म्हणत राहिली. हिरकणीने नविनचा दंड धरला आणि त्याला हाल्याच्या बकऱ्या दाखवायला मागच्या बाजूला घेऊन गेली.